सुटलेला झेल कोणाच्या खात्यात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संघनिवडीच्या बातमीत यष्टिरक्षकाच्या नावापुढे फलंदाजीची सरासरी हमखास छापलेली असते. त्याच्या ग्लोव्हजबद्दल मात्र क्वचितच ओळ असते. क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षे मी यष्टीमागे उभा राहिलो आहे, त्यामुळे हे फार खटकते.

यष्टिरक्षकाने केलेल्या धावा सर्वांना दिसतात, त्याने घालवलेल्या कुठेच नोंदल्या जात नाहीत. बाय, म्हणजे बॅटला न लागता मागे निसटलेल्या चेंडूवरच्या धावा, तेवढ्या लिहिल्या जातात. दहावर जीवदान मिळालेला फलंदाज नव्वद करून गेला, तर वरच्या ऐंशी धावा बिचाऱ्या गोलंदाजाच्या आकड्यांत जाऊन बसतात.

2023च्या अ‍ॅशेसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेत, इंग्लंडने यष्टीमागे निष्णात मानल्या जाणाऱ्या बेन फोक्सऐवजी फलंदाजीसाठी जॉनी बेअरस्टोला घेतले. एजबॅस्टन कसोटीच्या पहिल्या डावात त्याने 78 धावा केल्या. पण त्याच्याकडून कॅमेरून ग्रीनला यष्टिचीत करायची संधी हुकली, अ‍ॅलेक्स केरीचा झेल सुटला. पुढे ग्रीनने 38, केरीने 66 केल्या. ऑस्ट्रेलियाने तो सामना दोन गडी राखून जिंकला. सगळा दोष बेअरस्टोच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण निवडीचा हिशेब मांडताना फक्त त्याचे 78 धरायचे, हेही बरोबर नाही.

वेगवान माऱ्याला मागे उभे राहून चपळ माणूस निभावून नेतो. खरी परीक्षा फिरकीला, स्टंपला लागून उभे राहिल्यावर. चेंडू टप्पा घेईपर्यंत बसून राहायचे आणि त्याच्या उसळीबरोबरच उठायचे. आधी उठलात की खाली राहिलेला चेंडू ग्लोव्हजखालून गेलाच. लेगसाईडला तर फलंदाजाचे शरीर मध्ये येते, चेंडू क्षणभर दिसतच नाही. तिथे हात सवयीनेच योग्य जागी जातात. ही सवय हजारो चेंडू घेऊनच लागते. भरवशाचा यष्टिरक्षक मागे असेल तर फिरकी गोलंदाज चेंडूला धीटपणे उंची देतो, हेही मी जवळून पाहिले आहे.

ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक अ‍ॅडम गिलख्रिस्टचे उदाहरण नेहमी दिले जाते. 17 कसोटी शतके, 47च्या पुढची सरासरी. पण तो शेन वॉर्नची लेगस्पिन वर्षानुवर्षे यष्टीमागे घेत होता आणि त्याच्या नावावर 37 यष्टिचीत आहेत, हे सांगायचे राहून जाते. त्याची नक्कल करताना बाकीच्यांनी फक्त बॅट उचलली.

फलंदाजी नको, असे मी म्हणत नाही. 1983च्या विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवच्या नाबाद 175 धावांना यष्टिरक्षक सय्यद किरमाणीच्या नाबाद 24 धावांची साथ होती. नवव्या गड्यासाठी अखंड 126 धावांची भागी. त्याच किरमाणीने अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजच्या बॅकसचा झेल सूर मारून घेतला. पण त्याला संघात घेतले ते आधी हातांसाठी. माझ्या मते क्रम तोच असावा: फिरकीपुढे जे उत्तीर्ण होतील, त्यांच्यातूनच चांगला फलंदाज निवडावा. नापासाला धावांचे वाढीव गुण देऊ नयेत.

आपल्याला एक विनंती. कसोटीच्या धावफलकाखाली यष्टीमागे सुटलेल्या संधी आणि त्या फलंदाजांनी पुढे केलेल्या धावा, एवढ्या दोन ओळी छापाव्यात. तेवढी जागा पानावर नक्की निघेल.

आपला,
एक जुना यष्टिरक्षक