फोन न करणारा बाबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फादर्स डे म्हणून मुलांसोबत बघायच्या सिनेमांची यादी छापली होती तुम्ही. त्यात 'इनक्रेडिबल्स २' बघून बरं वाटलं, पण त्याच्यापुढे एका ओळीत जे लिहिलंय ना, की आई कामावर जाते आणि बाबा घरात गोंधळ घालतो त्याची धमाल, त्यावरून हे पत्र लिहायला बसले. धमाल आहेच, आमच्याकडे तो सिनेमा इतक्या वेळा लागलाय की धाकट्याला ती रॅकूनबरोबरची मारामारी पाठ आहे. पण तेवढंच सांगून सोडलं तर त्यातला बाप बघायचाच राहून गेला असं मला वाटतं.

ज्यांनी हा कार्टून सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिला भाग २००४ चा, दुसरा २०१८ चा, पण दिग्दर्शक ब्रॅड बर्डने गोष्ट जिथे सोडली होती तिथूनच पुढे उचलली, म्हणजे मधल्या चौदा वर्षांत आपले केस पिकले आणि सिनेमातलं तान्हं बाळ जॅक-जॅक अजून डायपरमध्येच. बॉब आणि हेलन दोघंही सुपरहिरो, तो प्रचंड ताकदवान, ती वाटेल तेवढी ताणली जाणारी, तीन पोरं, आणि सुपरहिरोगिरी कायद्याने बंद. राहतात मोटेलमध्ये, तेही थोड्या दिवसांपुरतं. अशात विन्स्टन डेव्हर नावाचा एक बडा उद्योगपती येतो आणि म्हणतो की तुमच्यावरची बंदी उठवायला मी मदत करतो, पण आधी लोकांचं मत बदलायला हवं, त्यासाठी एकालाच पुढे पाठवू, आणि ती एक म्हणजे हेलन. का, तर तिच्या कामात मोडतोड कमी होते. बॉबने चोर पकडला तरी अर्धा रस्ता उखडलेला असतो ना. तेव्हाचा बॉबचा चेहरा नीट बघा, तोंडाने अभिनंदन आणि डोळ्यांत 'मी का नाही'. मग मोटेलमध्ये रात्री दोघांचं बोलणं होतं, तिला जायचंय पण पोरांची काळजी, त्याला आवडलेलं नाही पण घराला गरज आहे, आणि मग तो म्हणून टाकतो की मुलांचं मी बघतो, त्यात काय एवढं.

हे 'त्यात काय एवढं' मी आमच्या घरात ऐकलंय. मी बँकेत आहे, प्रमोशन मिळालं आणि सोबत बदली, ठाण्याहून थेट रत्नागिरी जिल्ह्यातली शाखा. बँकेत प्रमोशन म्हणजे बदली हे ठरलेलंच असतं, बायका बरेचदा त्यामुळेच परीक्षेला बसत नाहीत, हे कुठल्याही बँकेतल्या बाईला विचारा. आमच्या ह्यांनी सांगितलं तू जा, आणि खरंच मनापासून सांगितलं. त्यामुळे पुढचं सगळं मी टीका म्हणून लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण ते हे पत्र वाचणार आहेत.

तर आता सिनेमातला गोंधळ. मोठी व्हायोलेट प्रेमात पडलीये आणि त्या पोराची आठवणच पुसली गेलीये, म्हणजे टोनीने तिला मास्कशिवाय बघितलं म्हणून सरकारी माणसाने त्याच्या डोक्यातून तेवढं काढून टाकलं आणि त्यात चुकून व्हायोलेटच गेली, आणि ते बॉबने सांगितल्यामुळे झालं. मधल्या डॅशचं गणित. तान्ह्या जॅक-जॅकच्या अंगात रोज नवी शक्ती, आज डोळ्यातून लेझर, उद्या पेट घेतो, परवा भलत्याच मितीत गायब, बाहेर काढायला बिस्कीट दाखवायचं. गणिताचा प्रसंग तर आपल्याकडे कुणालाही पटेल. डॅशला शिकवायची पद्धत बदललीये, बॉबला जमत नाही आणि तो वैतागून ओरडतो की गणित कशाला बदलतात, गणित ते गणित! २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रातले किती बाबा असंच ओरडले होते आठवतंय ना, पार विधिमंडळापर्यंत गेलं होतं ते. फरक एवढाच की आपले बाबा व्हॉट्सअॅपवर जोक पाठवून मोकळे झाले, बॉब मात्र रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक घेऊन बसतो, स्वतः शिकतो आणि पहाटे पोराला उठवून समजावतो. पूर्ण सिनेमात इमारती उचलणारा माणूस मला सगळ्यात ताकदवान तिथे वाटला. आणि या प्रसंगावर थिएटरमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

आता मुद्दा. या सिनेमात मला दोन बाप दिसतात आणि दोघांची गोष्ट फोनची आहे.

पहिला बाप पडद्यावर जेमतेम मिनिटभर येतो, विन्स्टन आणि त्याची बहीण एव्हलिन यांचा. त्याचा सुपरहिरोंवर फार विश्वास, घरात त्यांना थेट लागणारे खास फोन बसवलेले. एका रात्री घरात दरोडेखोर घुसतात. घरात लपायला सुरक्षित खोली आहे, बायको म्हणते तिकडे जाऊ, हा म्हणतो थांब, फोन करतो, ते येतील. पण बंदी आल्यामुळे फोन उचलायला कुणीच नाही. हातात रिसिव्हर असतानाच त्याला गोळी लागते. त्यानंतर काही महिन्यांनी आईपण जाते. मुलगा म्हणतो बंदी नसती तर बाबा वाचले असते, मुलगी म्हणते बाबांनी आईचं ऐकून खोलीत नेलं असतं तर दोघंही वाचले असते. एकाच बापाचं मरण आणि दोन पोरांच्या दोन गोष्टी, त्यातून एक दानशूर झाला आणि दुसरी व्हिलन. (एव्हलिन व्हिलन आहे हे सांगितलं म्हणून रागावू नका, सिनेमा जुना झाला आता.) खरं सांगायचं तर मला एव्हलिनचं म्हणणं बरंचसं पटतं, तिची रीत भयानक आहे पण वाद बरोबर आहे.

दुसरा बाप बॉब, आणि हा फोनच करत नाही. म्हणजे हेलनचा फोन येतो रोज, विचारते सगळं कसं चाललंय, आणि मागे घर पेटलेलं असलं तरी हा म्हणतो मस्त, काही प्रॉब्लेम नाही. जॅक-जॅकला शक्ती आहेत एवढी मोठी बातमी, ती आईला सांगत नाही. मित्र ल्युशियस घरी येतो, पोराचे प्रताप बघून हबकतो, विचारतो हेलनला सांगितलंस का, तर बॉबचं उत्तर असं की मी इथे यशस्वी झालो तरच ती तिकडे होणार, मग आपण सगळे होणार. ऐकायला किती छान त्याग वाटतो. ल्युशियस एवढंच विचारतो की तू शेवटचा झोपलास कधी.

मी रत्नागिरीला असताना धाकट्याला दोन दिवस ताप होता हे मला ताप उतरल्यावर कळलं. 'तू तिकडून काय करणार होतीस, उगाच टेन्शन.' प्रेमानेच म्हणाले. पण त्या दोन रात्री ते एकटे जागे होते, शेजारच्या काकूंना हाक मारली नाही, सासूबाई डोंबिवलीत आहेत त्यांना बोलावलं नाही, ऑफिसात सुट्टी टाकली ती पोट बिघडलंय म्हणून! पोराला ताप आहे म्हणून पुरुष घरी राहिला हे सांगायची लाज. म्हणजे एक बाप सगळं दुसऱ्यावर सोपवून फोन धरून बसतो आणि दुसऱ्याला वाटतं की फोन केला म्हणजे आपण हरलो, आणि मला वाटतं सिनेमाने या दोघांना मुद्दाम एकाच गोष्टीत ठेवलंय.

बॉबची गाडी वळणावर येते ती एडनाच्या दारात. ती सुपरहिरोंचे कपडे शिवणारी ठेंगणी, फटकळ बाई, आधी म्हणते मला पोरंबाळं सांभाळता येत नाहीत, मग जॅक-जॅक हुबेहूब तिच्यासारखा चेहरा करतो आणि बाई विरघळते, रात्रभर ठेवून घेते. त्याच्यासाठी खास सूट बनवून देते आणि तो काय करतोय हे कळणारं यंत्र पण. मजा म्हणजे एडनाला मूळ इंग्रजीत आवाज दिलाय खुद्द ब्रॅड बर्डने, म्हणजे थकलेल्या बापाला 'दे इकडे पोर' म्हणणारी आत्या दिग्दर्शक स्वतःच झालाय. (हिंदी डब बघणाऱ्यांसाठी, हेलनचा आवाज आपल्या तनुजाच्या काजोलचा आहे, छान केलाय.)

आणि मग बॉब व्हायोलेटसमोर बसतो. दाढी वाढलेली, डोळे लाल. टोनीचं तुझं मी बिघडवलं, नीट करायला गेलो ते अजून बिघडलं, डॅशचं गणित, बाळाचं हे असं, मला वाटायचं बरोबर काय ते मला कळतं, आता खात्री वाटत नाही, मला फक्त चांगला बाबा व्हायचंय, असं सगळं बोलतो. पोरगी चिडलेली होती ती विरघळते. तो तिथेच झोपतो आणि सतरा तास झोपतो. मराठी सिनेमात बाप पोरीसमोर रडतो तो तिच्या पाठवणीला, चौदा वर्षांच्या मुलीला 'मला जमत नाहीये गं' म्हणणारा बाप मी तरी आपल्याकडे फारसा बघितला नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. त्यांना राहायला डेव्हरने फुकट आलिशान बंगला दिलाय, बॉबला तेव्हा नोकरीच नाही, म्हणजे नऊ ते सहा ऑफिस करून, लोकल पकडून, वर पोरांचा डबा, असा प्रश्नच येत नाही. दिग्दर्शकाने ते सोपं करून घेतलं. शेवटी तर अख्खं कुटुंबच लढायला जातं, त्यामुळे हेलनची पुढची बदली, सॉरी, मोहीम आली की घरी कोण थांबणार हे गुलदस्त्यातच. तिसरा भाग येणार म्हणून जाहीर झालंय, त्यात तरी सांगा म्हणावं. आणि हेलनला बाळाच्या पहिल्या शक्ती बघायला मिळाल्या नाहीत हे एका वाक्यात उरकलंय, ते मला टोचलं, धाकट्याचा पहिला दात पडलेला मी व्हिडिओ कॉलवर बघितला होता.

आता तुम्ही म्हणाल कार्टूनवर एवढं कशाला. तर आपल्या केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या २०२४ च्या सर्व्हेत आलंय की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि ती करणारे पुरुष ८८ मिनिटं, आणि लक्षात घ्या की हा आकडा जे करतात त्यांचाच आहे, जे काहीच करत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. १५ ते ५९ वयातल्या साधारण ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करतात, पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. मग बाबाला येणार कुठून? कुणी शिकवलंय? २०१७ ला कायदा बदलून आईची पगारी रजा २६ आठवडे केली ती चांगलीच गोष्ट, पण त्या कायद्यात बापाचा एक दिवसही नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस पितृत्व रजा मिळते, खासगीत ज्याची त्याची कंपनी. बॉबला कायद्याने सुपरहिरो व्हायला बंदी होती, आपल्याकडच्या बाबाला बंदी नाही, फक्त रजा मागितली की साहेब विचारतो 'घरी बायको नाही का?'

आणि एक, सोसायटीत ह्यांचं फार कौतुक झालं. किती करतो हो, अगदी सुपरडॅड. ते ज्या वर्षी नाइट शिफ्टला होते आणि मी दोन्ही पोरं, बँक, सासऱ्यांचं ऑपरेशन सगळं बघत होते, तेव्हा मला कुणी सुपर काही म्हटलं नव्हतं. ह्यांना पण ते कौतुक नको होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं, कारण एकदा सुपरडॅड म्हटलं की मग दमलो म्हणता येत नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं, त्यांचंच आहे म्हणून त्यांच्या नावावर टाकते.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वर्षी फादर्स डेला सिनेमांची यादी जरूर छापा, पण सोबत अर्धं पान या कामाला द्या. कुठल्या ऑफिसात बाबांना किती रजा मिळते, ती घेतली कुणी, घेतल्यावर साहेब काय म्हणाले, आणि पोर आजारी पडलं तेव्हा बाबांनी पहिला फोन कुणाला केला, हे वाचकांकडूनच मागवा. नाव न छापण्याची सोय ठेवा, नाहीतर कुणी लिहायचं नाही. आमच्याकडून एक पत्र नक्की येईल, ते मी लिहिणार नाही.

आपली,
एक बँकवाली आई, ठाणे