सूचना: शिळावर्तुळांची नोंद करताना

विदर्भात जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड इथे लोहयुगातली दफनांची शिळावर्तुळं, म्हणजे दफनाभोवती मोठे दगड गोलाकार मांडलेल्या जागा, आहेत. त्यामुळे शेतातलं प्रत्येक टेकाड आपल्याला दफनच वाटू लागतं. मागच्या नोंदींत बरेच ढीग निव्वळ नांगरटीत निघालेल्या दगडांचे दिसतात. फरक असा: असा ढीग बांधाच्या कोपऱ्यात असतो, दगड हाताने उचलता येतील एवढे, मध्ये माती जवळपास नाही. शिळावर्तुळात कडेला मोठे गोटे अर्धे जमिनीत रुतलेले, आत बारीक दगडमाती आणि मध्यभाग किंचित फुगलेला. विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा ढीगही फसवतो; शेजारी विहीर आहे का, ते आधी बघा.

टेप उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा लावा. एकाच मापावर थांबलात तर लंबगोल वर्तुळ गोल नोंदलं जातं. कडेचे दगड मोजा, हललेले वेगळे लिहा. दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, सोबत पट्टी ठेवा. दुपारी खळगे दिसतच नाहीत. खडूने ते रंगवू नका, कृपा करून!

काळी-तांबडी खापरं जागेवरच राहू द्या. उचलून आणलेलं खापर कुठल्या थरातलं, ते कोणीच सांगू शकत नाही. खणणं तर नाहीच; संरक्षित स्थळी १९५८च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्याने तो गुन्हा आहे.

जीपीएस आकडे ग्रुपवर टाकू नका, फक्त नोंदवहीत लिहा. गुप्तधनवाले सगळीकडे असतात. आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही.