चॅनेल मोकळे आहे हे आधी मोजा : दळणवळण मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ४७० ते ६१२ मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या दुय्यम वापरासाठी सोलापूर जिल्ह्यात सहकारी स्पेक्ट्रम सेन्सिंगचा प्रायोगिक प्रकल्प

महोदय,
स. न. वि. वि.

दूरदर्शनची जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे, मोजके अपवाद वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही. पुढे दूरसंचार कायदा २०२३ मध्ये, एकाला दिलेला स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) दुय्यम वापरासाठी, म्हणजे मूळ धारकाला अडथळा न आणता वापरण्यासाठी, दुसऱ्यालाही देण्याची सोय झाली. आता अमुक गावात, अमुक वेळी, अमुक चॅनेल खरोखर मोकळे आहे हे कोण आणि कसे ठरवणार, एवढेच ठरायचे राहिले आहे. नियम लिहिले जाण्याआधी त्याबद्दल आमचे म्हणणे आपल्यापुढे ठेवत आहोत.

सोपा मार्ग डेटाबेसचा. प्रक्षेपकांची यादी घ्या, नकाशावर वर्तुळे काढा, वर्तुळाबाहेरचे सगळे मोकळे. अमेरिकेच्या नियामकाने २०१० मध्ये, डेटाबेस पाहणाऱ्या उपकरणांना स्वतः सेन्सिंग (हवेतले सिग्नल ऐकून तपासणी) करण्याच्या सक्तीतून सूट दिली ती याच भरवशावर. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या अभ्यासात ४७०-५९० मेगाहर्ट्झमधील १५ पैकी किमान १२ चॅनेल देशात जवळपास सर्वत्र मोकळे दिसले आणि पालघर जिल्ह्यातील खेड्यांत त्यावर इंटरनेट पोचवूनही दाखवले गेले. पण तो आकडा प्रक्षेपकांच्या माहितीवरून केलेल्या हिशेबाचा आहे, ठिकठिकाणी अँटेना लावून केलेल्या मोजणीचा नाही.

डेटाबेसला टॉवर कळतो, वायरलेस माइक कळत नाही. जानेवारीत होम मैदानावरची गड्डा यात्रा, गणेशोत्सव, पंढरपूरची आषाढी, एरवी गावोगावची कीर्तने आणि सभा. यातले अनेक माइक सेट यूएचएफ पट्ट्यातच (ज्यात ४७०-६१२ मेगाहर्ट्झ येतो) चालतात आणि त्यांची नोंद कुठल्याही यादीत नसते. त्यांच्याकडे परवाना आहे का, हा वाद निराळा. ऐन कीर्तनात बुवांचा आवाज गेला तर कायद्याचे कलम कोणी काढून पाहणार नाही, दुय्यम वापरालाच दोष लागेल.

म्हणून ऐकावे लागेल, आणि मुख्य अडचण इथेच आहे. आयईईई ८०२.२२ या २०११ च्या मानकानुसार वायरलेस माइकचा सिग्नल २०० किलोहर्ट्झ रुंदीत उणे १०७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण असला तरी २ सेकंदांत ओळखता आला पाहिजे. ओळखण्याची शक्यता किमान ०.९, खोट्या इशाऱ्याची, म्हणजे माइक नसताना ‘आहे’ म्हणण्याची, जास्तीत जास्त ०.१. समजा रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतःची जी खरखर (नॉइज) मिसळतो तिचे माप, ६ डीबी आहे. ८ मेगाहर्ट्झचे अख्खे चॅनेल एकदम मोजले तर नॉइजची पातळी साधारण उणे ९९ डीबीएम येते, म्हणजे माइक नॉइजच्या ८ डीबी खाली. वेळ वाढवून हे सुटत नाही. नॉइजच्या पातळीबद्दल आपला अंदाज १ डीबीने जरी डळमळीत असेल, तर ऊर्जा मोजून ओळखण्याची पद्धत उणे ३.३ डीबीच्या खाली कोलमडते, मग सेकंदभर ऐका नाहीतर तासभर. तेच चॅनेल २०० किलोहर्ट्झच्या ४० पट्ट्यांत कापून मोजले की प्रत्येक पट्टीतला नॉइज उणे ११५ वर येतो आणि माइक ८ डीबी वर उठून दिसतो. उपकरण तेच, अँटेना तीच. नियमात ‘प्रति चॅनेल ऊर्जा’ एवढेच लिहिले तर सगळी योजना कागदावर पास होईल आणि मैदानात नापास. मोजणीची रुंदी २०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी, हे शब्द नियमात असलेच पाहिजेत.

तो १ डीबी सांभाळणे सोलापुरात सोपे नाही. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. रिसीव्हरचे तापमान २० वरून ६० अंशांवर गेले की नुसता औष्णिक नॉइजच अर्ध्या डीबीहून अधिक वाढतो. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) सरकतो तो वेगळा. कारखान्याने छापलेला थ्रेशोल्ड (ज्याच्या वर सिग्नल ‘आहे’ धरायचे ती पातळी) इथे दुपारी एक बोलतो, पहाटे दुसरे. उपाय महाग नाही: अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये एक आरएफ स्विच, दर काही मिनिटांनी रिसीव्हर अँटेनाऐवजी ५० ओमच्या लोडवर (साध्या रोधावर) टाकायचा, स्वतःचा नॉइज मोजायचा आणि थ्रेशोल्ड त्याच्या सापेक्ष ठेवायचा. ऑटोमॅटिक गेन कायमचा बंद. पेटी सावलीत.

दुसरा घोटाळा भुतांचा, म्हणजे नसलेल्या सिग्नलांचा. काही हजारांत मिळणाऱ्या ८ बिटी एसडीआर डोंगलला (संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रिसीव्हर) शेजारचा मोबाइल टॉवर किंवा एफएम केंद्र सहज दडपून टाकते आणि नसलेले सिग्नल दिसू लागतात. ओळखायची रीत अशी: वाटेत ३ डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) घाला. खरा सिग्नल ३ डीबीनेच उतरेल, रिसीव्हरमध्येच तिसऱ्या क्रमाच्या मिसळीतून (बाहेरचे जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून) जन्मलेला ९ डीबीने. कायमचा इलाज म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी ४७०-६१२ चा बँडपास फिल्टर, तेवढाच पट्टा आत सोडणारा. अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या भागात मोटारींचे स्टार्टर आणि ड्राइव्ह यांचा आवेगी (क्षणभर उसळणारा) नॉइज जास्त असणार. तिथे सरासरीऐवजी मध्यक घेतला तर क्षणभराचे ठिपके गळून पडतात. निधी मर्यादित असेल तर सेन्सरांची संख्या थोडी कमी करा, पण फिल्टर आणि स्विच कापू नका.

आता सहकाराकडे. एका इमारतीआड असलेल्या सेन्सरला माइक ऐकूच येत नाही, म्हणून अनेकांचे मत घ्यायचे. कोणाही एकाने ‘आहे’ म्हटले की चॅनेल सोडायचे, हा नियम सुरक्षित वाटतो. पण पाच सेन्सर आणि प्रत्येकाची खोट्या इशाऱ्याची शक्यता ०.१ असली, तर एकत्रित शक्यता ०.४१ होते, मोकळे चॅनेल दहापैकी चार वेळा उगाच नाकारले जाते. पाचांपैकी किमान दोघांनी हो म्हणावे असा नियम केला तर खोटा इशारा ०.०८ वर येतो, आणि प्रत्येकाची ओळखण्याची शक्यता अवघी ०.६ असली तरी एकत्रित ०.९१ मिळते. अट एकच, पाचही जण खरोखर स्वतंत्र हवेत. एकाच महाविद्यालयाच्या गच्चीवर पाच अँटेना उभ्या केल्या तर पाचांवरही एकच सावली पडते. आपल्या मोकळ्या माळावर त्यांच्यात काही शे मीटर अंतर हवे, शहरात कमी चालेल.

त्याहून बरे म्हणजे हो-नाही न मागता मोजलेली पातळीच मागावी. ४७०-६१२ मध्ये २०० किलोहर्ट्झच्या ७१० पट्ट्या होतात. प्रत्येकीला एक बाइट धरला तर फेरीला ७१० बाइट, दर दोन सेकंदांनी पाठवले तरी दिवसाला सुमारे ३१ एमबी. एका साध्या सिमकार्डावर हे भागते. एका बिटाची काटकसर करण्याचे दिवस आता गेले.

पट्ट्याची रुंदी मात्र भारी पडते. १४२ मेगाहर्ट्झ एकदम १२ बिटी आय-क्यू नमुन्यांनी (प्रत्येक नमुन्यात दोन आकडे) घ्यायचे तर सेकंदाला ३.४ गिगाबिट. डोंगल एका वेळी जेमतेम २ मेगाहर्ट्झ नीट पाहतो, म्हणजे ७१ थांबे. थांब्याला ३० मिलिसेकंद धरले तरी फेरी २ सेकंदांच्या वर जाते आणि मानक तिथेच मोडते. म्हणून काम वाटून घ्यावे: १२ सेन्सरांचे तीन गट, प्रत्येक गटाकडे सुमारे ४७ मेगाहर्ट्झ, २४ थांबे, पाऊण सेकंदात फेरी, आणि प्रत्येक पट्टीवर चार वेगवेगळ्या जागांचे कान. गट करताना एका गटातले चौघे शेजारी येणार नाहीत हे पाहावे. कमी नमुन्यांतून पूर्ण पट्टा उभा करणारे कॉम्प्रेसिव्ह सेन्सिंग संशोधनात आकर्षक आहे, पण नमुने चौथाईवर आणले की दुमडलेल्या नॉइजमुळे ६ डीबी जातात. क्षीण माइकसाठी ते परवडणारे नाही. पहिल्या टप्प्यात ते ठेवू नये.

पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलेला सेन्सर ‘सगळे मोकळे’ असेच सांगत राहतो, आणि मुद्दाम खोटे बोलणाराही तेच सांगतो. दोघांना पकडण्यासाठी ओळखीच्या जागेवरून, ठरल्या वेळी, १० मिलिवॉटचा चाचणी बीकन (मुद्दाम सोडलेला ओळखीचा सिग्नल) लागतो. त्याशिवाय ओळखण्याची शक्यता ०.९ आहे की ०.५, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

अमेरिकेत ३५५०-३७०० मेगाहर्ट्झमध्ये नौदलाच्या रडारसाठी किनाऱ्यावर स्वतंत्र सेन्सर जाळे ऐकत असते. ग्राहकाच्या उपकरणावर ती जबाबदारी नाही. आम्हाला हीच रचना हवी आहे.

त्यासाठी आपल्याकडून चार गोष्टी लागतील. बीकनसाठी वायरलेस नियोजन व समन्वय शाखेचा प्रायोगिक परवाना, निदान एका वर्षाचा, म्हणजे आषाढी, गणेशोत्सव आणि गड्डा यात्रा तिन्ही त्यात येतील. त्या वर्षात फक्त ऐकायचे, बीकनखेरीज काहीही प्रक्षेपित करायचे नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील अजून चालू असलेल्या यूएचएफ प्रक्षेपकांची, निर्देशांक आणि शक्तीसह, अधिकृत यादी. अक्कलकोट, मंगळवेढ्याला सीमेपलीकडचेही पाहावे लागते. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे एक कॅलिब्रेटेड फिरते पथक, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, आमची मोजणी ताडून पाहण्यासाठी. आणि सगळी मोजणी खुली ठेवण्याची परवानगी, म्हणजे कोणतेही महाविद्यालय थ्रेशोल्ड बदलून हिशेब पुन्हा करू शकेल.

सेन्सरच्या जागांचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि बीकनचे वेळापत्रक आपल्या कार्यालयाने सांगितल्यास पाठवू.

आपले विश्वासू,
रेडिओ व दूरसंचार क्षेत्रातील अभियंते आणि प्राध्यापक,
सोलापूर