आई, या वेळी खिडकी तुझी

बेंगळुरू,
रामनवमी, ६ एप्रिल २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलणं झालं नसतं. बाबा "बरं बरं, कळलं" म्हणून विषय संपवतात आणि आई, तू फोन त्यांच्याच हातात देतेस. म्हणून लिहायला बसले.

तुमची तिकिटं काढली. १७ मे, शनिवार, सकाळचं विमान, नागपूरहून सरळ बेंगळुरू. दोघांच्या जागा शेजारी-शेजारी घेतल्या आहेत, अगदी पुढच्या रांगेत, म्हणजे बाबांना गुडघा सरळ ठेवता येईल. त्याचे वेगळे पैसे भरले. किती भरले ते विचारू नका. बाबा, तुम्ही रद्द कर म्हणाल, पण ते पैसे आता परत मिळत नाहीत.

संक्रांतीला घरी आले होते तेव्हा आई तिळगूळ वळता वळता सहज बोलून गेली की दिवाळीत विमानात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बाबा बसले होते सातव्या रांगेत, आई तेविसाव्या. साखर कमी झाली, हाताला घाम सुटला, आणि गोळ्या, खडीसाखर, राजगिऱ्याचा लाडू सगळं बाबांच्या पिशवीत. पट्टा सोडू नका अशी सूचना चालू होती, ती आईला यंत्र लावूनही नीट ऐकू आली नाही, म्हणून उठावं की नाही तेही कळेना. खायची गाडी आली तेव्हा किंमत ऐकून तू नको म्हणालीस. शेवटी शेजारच्या मुलीनं स्वतःच्या डब्यातलं बिस्किट दिलं. हे सगळं तुम्ही दोघांनी अडीच महिने मला कळू दिलं नाहीत. का, ते मला माहीत आहे. ती तिकिटं मी काढली होती.

मीच काढली होती, आणि जागा निवडायचं पान आलं तेव्हा ते न भरता पुढे गेले होते. दिवाळीचं भाडं आधीच भरमसाट. त्यावर प्रत्येक खुर्चीपुढे वेगळा आकडा, आणि विनापैशांच्या उरलेल्या बहुतेक मधल्या, विखुरलेल्या. मी विचार केला, दोन तासांचाही प्रवास नाही, विमानतळावर सांगितलं की शेजारी बसवतील. काउंटरवर बाबांनी विनंती केली, तर विमान भरलंय म्हणाले. आई, बाबा, माझं चुकलं. हजारभर रुपये वाचवायला नको होते.

पण त्यानंतर मनात जो राग बसला आहे तो नुसता माझ्यावरचा नाही.

१९९४ चा आपला पहिला विमानप्रवास आठवतो ना? बाबांची एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, इंडियन एअरलाइन्स, नागपूर ते मुंबई. हवाईसुंदरी ट्रेमध्ये गोळ्या घेऊन आली, सोबत कानात घालायला कापूस. दादानं मूठभर गोळ्या उचलल्या आणि तू डोळे वटारलेस, तर ती हसून म्हणाली, घेऊ द्या. मग कटलेट, पाव, लोण्याची इवलीशी वडी. मिठाच्या पुड्या बाबांनी खिशात टाकल्या, त्या कितीतरी वर्षं आपल्या देवळीत होत्या. खिडकी तुला मिळाली होती. तू ती मला दिलीस.

तेव्हाचं काही फुकट नव्हतं, हेही मला कळतं. ते कटलेट तिकिटातच होतं, आणि ते तिकीट एलटीसी नसती तर बाबांनी काढलंच नसतं. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, जेवण काढून टाकलं, हवं त्यानं विकत घ्यावं म्हणाले, भाडी खाली आणली. त्यामुळे आपल्यासारखी किती घरं पहिल्यांदा विमानात बसली. म्हणून उपम्याचे पैसे घेतात याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला खायचं नाही त्यानं दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे का भरावेत?

दादाशी परवा यावर तासभर बोलले. तो म्हणाला, अमेरिकेत हे २००८ मध्ये जोरात सुरू झालं. तेल महागलं आणि अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्या बॅगेवर १५ डॉलर लावले. त्याच वर्षी जेटब्लूनं उशी-पांघरुणाचे ७ डॉलर घ्यायला सुरुवात केली, आणि यूएस एअरवेजनं चक्क पाण्याचे २. पाण्याचा निर्णय त्यांना काही महिन्यांत, २००९ च्या मार्चमध्ये, मागे घ्यावा लागला. बाकी सगळं राहिलं. पुढे तेल स्वस्त झालं तरी बॅगेचे पैसे गेले नाहीत. त्याचं एक कारण दादानं सांगितलं ते मला नवीन होतं. तिथे देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर साडेसात टक्के सरकारी कर लागतो, बॅगेच्या पैशांवर लागत नाही. म्हणजे तेच शंभर डॉलर भाडं म्हणून घेण्यापेक्षा बॅगेच्या नावानं घेतलेले कंपनीला परवडतात. त्याच्या डॅलसची साउथवेस्ट कंपनी दोन बॅगा फुकट नेते म्हणून नावाजलेली. तिनंही गेल्या महिन्यात जाहीर केलं की २८ मेपासून बॅगेचे पैसे पडतील.

आपल्याकडे डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, जागा, खाणं, सामान अशा गोष्टींचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली आहे, अट एवढीच की प्रवाशानं ते स्वतःहून निवडलेलं असावं. कागदावर हे अगदी रास्त वाटतं. पण सत्तरी ओलांडलेल्या जोडप्यानं शेजारी बसणं ही काय हौस आहे, उशीसारखी? आईचा कान बाबा आहेत. बाबांचे डोळे आई आहे. तुमच्यातलं एक जण सोळा रांगा लांब बसवलं तर दोघंही अधू होतात. लहान मुलांच्या बाबतीत हे सरकारला पटलं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किंवा सोबतच्या मोठ्यांपैकी एकाजवळ जागा द्यायचीच. त्या आदेशात म्हाताऱ्या माणसांचा उल्लेख नाही. तो असायला हवा, असं मी दिल्लीच्या विमान वाहतूक मंत्रालयाला लिहिलं आहे, तुमचं नाव न घालता. त्यानं काय होणार, असं बाबा म्हणतील. काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे पैसे घेत होते, आठवतं? मोबाइल न वापरणाऱ्यांनाच तो भुर्दंड बसायचा. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयानंच ते बंद करायला लावलं. लोक बोलले म्हणूनच ना?

आता कामाचं. गोळ्या आणि लाडू आईच्या पर्समध्ये, बाबांच्या पिशवीत नाही. पाणी मागितलं की देतात, त्याला संकोच करू नका. व्हीलचेअर मी तिकिटावर लिहून ठेवली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती विनामूल्य मिळते, आणि त्यात कमीपणा काही नाही, बाबा. घरचं खाणं खुशाल न्या. दशम्या, कोरडी चटणी, चालतं सगळं. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, हातात नाही. खोबऱ्याच्या वाट्या मात्र आणू नकोस आई. सुक्या खोबऱ्याला तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही, काढून ठेवतील. वजन दर माणशी १५ किलो. मागच्या वेळी काउंटरपुढे बॅग उघडून बाबांना चकलीचा डबा बाहेर काढावा लागला, तसं पुन्हा नको, घरीच काट्यावर ठेवून बघा.

खाणंही मी आधीच भरून ठेवलंय, दोघांचं. ते तुमच्या हातात आणून देतील, पैसे मागणार नाहीत. नको म्हणू नका.

आणि आई, आतली जागा तुझी आहे, खिडकीची. बाबा मधे बसतील, त्यांच्याशी बोलले आहे. नागपूर सोडल्यावर थोडा वेळ ढग नसतील तर खाली शेतं दिसतात. पडदा उघडाच ठेव. ती जागा कुणाला देऊ नकोस.

तुमची,
ताई