आगाऊ रक्कम घेता, तर तारखेलाही बांधील राहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ रोजी, मी एका परदेशी कंपनीच्या आलिशान गाडीसाठी पाच लाख रुपये आगाऊ भरले. पत्नीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला तपासणीसाठी दर महिन्याला कोल्हापूरहून पुण्याला न्यावे लागते आणि सातारा-कागल टप्प्यातील सहापदरीकरणामुळे महामार्गावर जी वळणे आणि जे खड्डे आहेत, त्यांचे हादरे जुन्या गाडीत तिला सोसत नाहीत. आयुष्यभर फाउंड्री चालवून गाठीला बांधलेल्या पैशातून एकदाच चांगली गाडी घ्यावी, असे आम्ही दोघांनी ठरवले. सोळा आठवड्यांत गाडी दारात येईल, असे शोरूममध्ये सांगण्यात आले. आज नऊ महिने उलटून गेले आहेत. कंपनीचे किंवा विक्रेत्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापुरती नसून ज्या छापील फॉर्मवर आपण सारे ग्राहक डोळे मिटून सही करतो, त्या फॉर्मविषयी आहे.

महागडी गाडी उशिरा मिळाली म्हणून वर्तमानपत्रात पत्र कशाला लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हाच फॉर्म थोड्याफार फरकाने दहा लाखांची गाडी घेणाऱ्या शिक्षकापुढेही येतो आणि कर्ज काढून पिकअप घेणाऱ्या शेतकऱ्यापुढेही येतो. मला निदान थांबणे परवडते, त्यांना तेही परवडत नाही.

माझ्या फॉर्मवर ‘डिलिव्हरी’च्या चौकटीत तारीख नाहीच. तेथे निळ्या शाईच्या पेनने ‘अंदाजे १६ आठवडे’ असे लिहिले आहे आणि ‘अंदाजे’ हा शब्द मी सही केल्यानंतर जोडलेला आहे, हे त्याच्या तिरक्या, दाटीवाटीच्या अक्षरांवरून आज मला स्पष्ट दिसते. पाठीमागे बारीक टाइपात अटी आहेत. गाडीची किंमत डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती लागू राहील. ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास आगाऊ रकमेतून ठराविक कपात होईल. कोणत्याही कारणाने विलंब झाल्यास कंपनी किंवा विक्रेता जबाबदार राहणार नाही आणि आगाऊ रकमेवर व्याज दिले जाणार नाही. म्हणजे मी मागे हटलो तर मला दंड आणि त्यांनी शब्द मोडला तर त्यांना काहीच नाही.

विलंबाला खरी कारणे असू शकतात, हे मी एक उत्पादक म्हणून जाणतो. २०२१ आणि २०२२ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईने जगभरातील वाहन कारखाने अडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि सुमारे चार हजार नव्या गाड्यांसह ते पुढे अटलांटिक महासागराच्या तळाशी गेले. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. अशा प्रसंगी दोन-तीन महिने जास्त लागले तर ग्राहकाने समजून घ्यावे, आणि मीही घेतले असते. मला मात्र जुलैमध्ये ‘चिप आलेली नाही’, ऑगस्टमध्ये ‘जहाज अडकले आहे’ आणि सप्टेंबरमध्ये ‘करांच्या फेरबदलामुळे वाटप थांबले आहे’ असे सांगण्यात आले, आणि यांपैकी एकही कारण मागूनही लेखी मिळाले नाही. प्रत्येक वेळी मोघम उत्तर देऊन माझी बोळवण केली गेली.

या धंद्यात माहिती नसते, हे मला कोणी पटवू नये. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीतून वाहन उद्योगाला कास्टिंग जातात. कोणत्या आठवड्यात किती नग हवेत, याचे शेड्यूल आम्हाला आधी येते आणि त्यात एक दिवसाची चूक झाली तर डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात केल्याची चिठ्ठी, हातात पडते. मध्यंतरी भट्टीची कॉइल जळाल्यामुळे आमचा माल दोन दिवस मागे पडला, तेव्हा मी रात्री दोन वाजता वेगळा टेम्पो करून तो चाकणला पोहोचता केला आणि त्याचा खर्च मुकाट्याने सोसला, कारण समोरची लाइन आमच्यामुळे थांबता कामा नये, हे मला मान्य होते. जो उद्योग आपल्या पुरवठादाराकडून तासांचा हिशेब घेतो, त्याला आपल्या ग्राहकाची गाडी कारखान्यात आहे, बंदरात आहे की अजून तयारच व्हायची आहे, हे सांगता येत नाही, यावर मी विश्वास कसा ठेवावा?

दसऱ्याच्या दिवशी जे घडले त्याने तर फार मन दुखावले. त्या दिवशी तरी गाडीची निश्चित तारीख कळेल, या आशेने आम्ही दोघे शोरूमला गेलो. दारात झेंडूची तोरणे होती, आत लाल कापडाखाली झाकलेली गाडी होती. कापड ओढले गेले आणि आम्ही मागितलेल्या रंगाची, त्याच प्रकारची गाडी एका दुसऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन झाली. त्या गृहस्थांनी पेढा देताना सहज सांगितले की त्यांनी जूनमध्ये बुकिंग केले होते. त्यांचा यात काहीही दोष नाही आणि त्यांच्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी झालो. परंतु मार्चचे बुकिंग मागे ठेवून जूनचे पुढे कसे गेले, या माझ्या प्रश्नाला व्यवस्थापकांनी त्या दिवशी उत्तर दिले नाही आणि आजतागायत दिलेले नाही. परतताना पत्नी गाडीत एक शब्द बोलली नाही.

विलंबाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, तेही सांगतो. जुन्या गाडीचे एक्स्चेंज मूल्य एप्रिलमध्ये सात लाख पंचवीस हजार ठरले होते, ते आता सहा लाख दहा हजारांवर आले आहे. गाडी विकायची म्हणून विम्याचे नूतनीकरण टाळणार होतो, ते सप्टेंबरमध्ये करावे लागले. बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपली. त्यातच आता नवे वर्ष लागले आहे. मला २०२५ मध्ये तयार झालेली गाडी २०२६ मध्ये दिली, तर नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापले जात असल्यामुळे पुढे विकताना ती कायम एक वर्ष जुनी मानली जाईल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील जीएसटी ४० टक्के झाला आणि उपकर गेला, त्यामुळे माझ्या गाडीवरील कर कमी होईल, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तो शासनाच्या निर्णयाचा परिणाम आहे, विक्रेत्याचा नाही. याच काळात कर वाढला असता, तर त्याच बारीक टाइपातील अटीवर बोट ठेवून तो माझ्याकडून वसूल झाला असता.

घराच्या बाबतीत आपण हा अनुभव घेऊन शहाणे झालो आहोत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि कलम १८ नुसार ठरल्या तारखेला ताबा न मिळाल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा थांबायचे ठरवल्यास ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. वाहनाच्या ग्राहकाला असे नेमके संरक्षण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करारा’ची व्याख्या आहे खरी, परंतु तशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि एका गाडीसाठी तेवढी पायपीट करायला किती जण तयार होतील? संभाजीनगरच्या व्यावसायिकांनी २०१० मध्ये एकजुटीने दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा त्यांना आपल्या अटी पुढे करता आल्या. एकट्यादुकट्या ग्राहकाचे तेवढे वजन नसते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांतील सेवाशुल्काबाबत जुलै २०२२ मध्ये आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातींबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. तशीच ती वाहनांच्या बुकिंगसाठी काढावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फॉर्मवर ‘अंदाजे’ नव्हे, तर ठरलेली तारीख असावी. ती ओलांडल्यास आगाऊ रकमेवर व्याज मिळावे आणि कोणतीही कपात न करता बुकिंग रद्द करता यावे. बुकिंगच्या दिवशीची कंपनीची मूळ किंमत कायम राहावी. प्रतीक्षा यादीतील आपला क्रमांक ग्राहकाला केव्हाही पाहता यावा आणि गाडी वाटपात येताच तिचा चासी क्रमांक व उत्पादनाचा महिना लेखी कळावा. यातील एकही गोष्ट प्रामाणिक विक्रेत्याला जड जाऊ नये.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. गेल्या सोमवारी विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून, महिनाअखेरपर्यंत चासी क्रमांक लेखी न कळवल्यास पाच लाख रुपये व्याजासह परत करावेत, असेही कळवले आहे. सोबत त्या फॉर्मच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली असून ‘अंदाजे’ या शब्दाभोवती लाल पेनने गोल केला आहे.

आपला,
एक फाउंड्री उद्योजक
शिरोली, कोल्हापूर