धाव सोळाशे मीटरवर संपत नाही

अंबाझरी परिसरात पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं जीव तोडून धावतात, तीही डांबरावर. लक्ष्य एकच: 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे सैन्यभरतीत धावण्याचे पूर्ण 60 गुण. निवडक तुकड्यांचा कस निराळा असतो. अमेरिकी लष्कराच्या रेंजर स्कूल या खडतर प्रशिक्षणात 4 मैल 32 मिनिटांत धावावे लागतात. किलोमीटरला सुमारे पाच मिनिटे, म्हणजे आपल्या भरतीपेक्षा बराच संथ वेग! खरा घाम काढते ती पाठीवर ओझे घेऊन 12 मैलांची चाल. असा दम लांब, सावकाश धावण्याने वाढतो. आपल्याकडे मात्र रोज घड्याळ लावून जोरात धावायचे, नडग्या ठणकल्या तरी. महापालिकेने निदान एका मैदानावर मातीचा ट्रॅक पहाटे चारपासून खुला ठेवावा. मे महिन्यात ऊन चढल्यावर नागपुरात कोण धावणार?

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर