उमेदवार गळतो तो मुलाखतीच्या आधीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीविषयक सदरांतून मुलाखतीबद्दल जे छापून येते त्यात आत्मविश्वास, हसरा चेहरा आणि इस्त्रीचे कपडे यांनाच बहुतेक जागा मिळते. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांचा उपयोग दारातून आत गेलेल्यालाच. बाकीचे अर्जावरच गळतात आणि त्यांना कारणही कळत नाही. आम्ही अर्जांची छाननी करणारे आणि मुलाखती घेणारे लोक आहोत, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

सुरुवात रेझ्युमेपासून नव्हे, जाहिरातीपासून करावी. जाहिरात कागदावर उतरवून तिचे तीन भाग पाडावेत: ज्याशिवाय अर्ज बाद होतो ते, असल्यास प्राधान्य मिळते ते, आणि प्रत्यक्ष करायचे काम. मग कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे त्यांची एकेक अपेक्षा आणि उजवीकडे तिच्यासमोर आपला पुरावा लिहावा. ‘संवादकौशल्य आहे’ हा पुरावा नाही. ‘दर आठवड्याला तीन विभागांचा एकत्रित अहवाल लिहून सादर केला’ हा आहे. उजवी बाजू कुठे रिकामी राहते ते पाहा. परवाना किंवा विशिष्ट पदवी अनिवार्य असेल आणि ती नसेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. प्राधान्याच्या यादीतले एकदोन मुद्दे नसतील तर मात्र बेलाशक अर्ज करावा. जाहिरात लिहिणाऱ्याने तिथे आपली हौस लिहिलेली असते. पात्रता कोणत्या तारखेला धरली जाणार, हेही बघून ठेवा. शेवटच्या परीक्षेचा निकाल त्या तारखेनंतर लागणार असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

हाच कागद रेझ्युमेचा कच्चा आराखडा. डावीकडचे सर्वांत महत्त्वाचे चार मुद्दे पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दिसले पाहिजेत. नवख्याला एक पान पुरते, अनुभवी माणसाला दोन. सर्वांत अलीकडचे काम आधी, तारखा महिना-वर्षासह. नुसते वर्ष लिहिले की वाचणारा मधल्या खंडाचा अंदाज बांधू लागतो, आणि तो अंदाज क्वचितच आपल्या बाजूचा असतो. खंड असेल तर त्याचे कारण एका ओळीत लिहून मोकळे व्हावे.

खरी गंमत वाक्यांत आहे. ‘ग्राहक तक्रारींची जबाबदारी सांभाळली’ या ओळीतून पदाचे वर्णन कळते, माणसाचे काम कळत नाही. तीच ओळ अशी लिहिता येते: ‘रोज सुमारे ४० तक्रारींची नोंद आणि वर्गवारी; वारंवार येणाऱ्या तक्रारींसाठी ठरावीक उत्तरांचा संच तयार केल्याने तीन महिन्यांत प्रलंबित तक्रारी १२० वरून ३५ वर.’ यात किती, काय केले आणि काय झाले, तिन्ही आले. परिणामाचा आकडा हाताशी नसेल तर कामाचा आवाका द्या: किती माणसे, किती वेळा, किती मुदतीत. आकडा रचू मात्र नका. ‘हे मोजले कसे?’ हा मुलाखतीतला अगदी साधा पुढचा प्रश्न असतो आणि रचलेला आकडा तिथेच उघडा पडतो.

अनेक ठिकाणी रेझ्युमे माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचते. ते सजावट पाहत नाही, मजकूर उपसते. दोन रकान्यांची मांडणी असेल तर काही सॉफ्टवेअर डावी-उजवी ओळ सलग वाचून खिचडी करतात. पानाच्या शीर्षपट्टीत घातलेला फोन नंबर गायब होऊ शकतो, आणि कागदाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, नुसते चित्र असते. तपासणी दोन मिनिटांची आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे नाव, फोन, पदे आणि तारखा योग्य क्रमाने दिसल्या तर ठीक. कौशल्यांपुढे पाचापैकी चार तारे रंगवण्याची पद्धत सोडून द्यावी. तो चौथा तारा कोणी दिला हे कोणालाच माहीत नसते. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरण्याची युक्तीही काही जण वापरतात. मजकूर उपसला की ते शब्द काळ्या अक्षरांत समोर येतात.

सोबतचे पत्र २५० ते ३०० शब्दांचे पुरे. कोणते पद आणि आपला सर्वांत भक्कम पुरावा, मग त्यांच्या दोन गरजा आणि आपले काम, शेवटी रुजू कधी होता येईल. पत्राचा घात बहुतेकदा एकाच चुकीने होतो. जुने पत्र उचलताना आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहते. पाठवण्यापूर्वी ते नाव शोधून पाहा आणि ईमेल आधी स्वतःलाच पाठवून जोडलेली फाइल उघडते का ते बघा.

आता मुलाखत. नोकरभरतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या संशोधनांची फेरतपासणी केली. त्यात सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला, तर मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९ (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). ठरावीक पद्धतीत प्रत्येक उत्तराला स्वतंत्र गुण असतात. म्हणून एक उत्तर फसले तर ते तिथेच सोडून पुढच्या प्रश्नाला ताजेपणाने लागावे. समोरचा खाली मान घालून बसला असेल तर तो कंटाळलाय असे समजू नका, तो बहुधा तुमचेच उत्तर टिपून घेत असतो.

तयारी म्हणजे उत्तरे पाठ करणे नव्हे. आपल्या कामातले सहा ते आठ प्रसंग निवडा: मतभेद, चूक, अपुरी मुदत, नवे शिकणे, इतरांना सोबत घेणे. एकच प्रसंग तीन-चार प्रश्नांना चालतो. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत बसवा: परिस्थितीला वीस सेकंद, आपल्यावर काय सोपवले होते त्याला दहा, आपण काय केले त्याला सत्तर, परिणामाला वीस. घड्याळ लावून मोठ्याने बोलून पाहिल्यावर लक्षात येते की पार्श्वभूमीच दीड मिनिट खाते. दुसरी चूक ‘आम्ही’ची. ‘आम्ही ठरवलं, आम्ही केलं’ यातून त्या उमेदवाराने काय केले ते कळत नाही, आणि गुण तर एकट्यालाच द्यायचे असतात. (पत्रात आम्हीही ‘आम्ही’च लिहीत आहोत, पण आम्ही नोकरी मागत नाही.)

‘स्वतःविषयी सांगा’ याचे उत्तर साठ ते नव्वद सेकंदांचे असावे: आज काय करता, तिथवर कसे आलात, हेच पद का. जन्मगाव आणि शाळेपासून सुरुवात नको. उणीव विचारली तर ‘मी फार परिपूर्णतावादी आहे’ हे उत्तर ऐकून पॅनेलचे कान किटलेले असतात. खरी, पण त्या पदाच्या गाभ्याला न लागणारी उणीव सांगा आणि तिच्यावर काय उपाय चालू आहे तेही. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा आणि शोधायचे झाले तर कुठून सुरुवात कराल ते सांगा. ठोकून दिलेले उत्तर दुसऱ्या ‘का?’ला कोसळते. पगाराचा पल्ला सांगताना खालचा आकडा तुम्हाला खरोखर चालणारा असावा, कारण समोरच्याच्या लक्षात तोच राहतो.

ऑनलाइन मुलाखतीत कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, उजेड समोरून आणि संपर्क तुटल्यास फोन करायचा नंबर हाताशी, एवढे पुरते. पडद्यावरची टिपणे वाचू नका, डोळ्यांची हालचाल लगेच दिसते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. दर आठवड्याला एक खरी जाहिरात घेऊन, संस्थेचे नाव झाकून, तिचा असा दोन बाजूंचा कागद छापावा आणि उजवी बाजू वाचकांना भरायला ठेवावी.

आपले,
निवड समित्यांवर काम करणारे काही वाचक